मावळातील चांदीचे नाणे आणि डिटेक्टरवाले ‘इतिहासप्रेम’

१/
लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी, पवनेच्या खोऱ्यात, लोणावळ्याच्या माळांवर मेटल डिटेक्टर फिरवून जुनी नाणी शोधणे हा इतिहासप्रेमाचाच एक प्रकार आहे, असे अलीकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. यंत्र वाजते, कुदळ पडते, चांदीची चकती तळहातावर येते आणि चित्रफितीखाली शाबासकीचा पाऊस पडतो. या थ्रेडचे म्हणणे नेमके याविरुद्ध आहे. अशा रीतीने उपसलेले नाणे हाती लागते, पण इतिहासातून वजा होते. याचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे आणि त्याचा धागा थेट मावळाशी जोडलेला आहे.

२/
१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळ, चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. नाण्यांची संख्या १३,००० हून अधिक होती. सर्व नाणी क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान याची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्राचीन महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाचा एक मोठा दुवा या एका साठ्याने पक्का केला.

३/
नाणे दिसायला लहान. वजन जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे; दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लिपीतील लेख. एका नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या! समुद्रमार्गे येणारा व्यापार, वायव्येकडून आलेले राज्यकर्ते आणि दख्खनची स्थानिक प्रजा या तिन्हींची खूण त्या चकतीवर आहे. संग्राहकाला एवढेच पुरे असते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र पुरे नसते, कारण या साठ्यातली खरी बातमी कोणत्याही एका नाण्यात नव्हती.

४/
त्या १३,००० पैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींच्या टेकडीचे चिन्ह आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. पाठीमागे ‘उज्जैन चिन्ह’. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाचा पैसा वितळवला नाही, त्याच्यावर आपली मोहोर उमटवून तो पुन्हा बाजारात सोडला. सातवाहनांनी क्षहरातांचे उच्चाटन केल्याचे नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख सांगतो; पण तो राजमातेने आपल्या पुत्राच्या गौरवार्थ कोरवलेला लेख होता. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या गौरवाला स्वतंत्र साक्षीदार मिळवून दिला.

५/
आता एक साधा प्रश्न. ही १३,००० नाणी एकेक करून, वेगवेगळ्या हौशी मंडळींनी, वेगवेगळ्या रात्री उपसली असती तर? काही मुंबईच्या सराफाकडे, काही परदेशी लिलावात, काही कोणाच्या कपाटात गेली असती. नाणी तीच राहिली असती, पण ‘दोनतृतीयांशाहून अधिक नाण्यांवर पुनर्मुद्रा, उरलेली तशीच’ हे प्रमाण कधीच कोणाला कळले नसते. प्रमाण हे समूहाचे असते. समूह मोडला की ते मरते. मग उरलेल्या नाण्यांचे कितीही उत्तम छायाचित्र काढले तरी ते परत येत नाही.

६/
या इतिहासात मावळ कोठे? कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर. नहपानाचा जावई उषवदात याने ‘वलुरक’ लेण्यातील भिक्षूंना करजिक नावाचे गाव दान दिल्याचा लेख तेथे आहे. वलुरक म्हणजेच आजचे कार्ले. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात त्याच गावाविषयीची एक राजाज्ञा आहे. अभ्यासक ती गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात. ती आज्ञा ‘मामाल’ येथील अमात्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे मावळ. जोगलटेंभीच्या नाण्यांवर जी सत्तापालटाची कथा चांदीत ठोकलेली आहे, तीच मावळात दगडात कोरलेली आहे.

७/
हा पैसा कसा फिरत होता, तेही लेणीच सांगतात. नाशिकच्या पांडवलेण्यातील लेखात उषवदाताने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, ठेवल्याची नोंद आहे. त्यातील २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४०; त्यातून २० भिक्षूंना वर्षावासात वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब तंतोतंत जुळतो. त्याच लेखात ३५ कार्षापणांस एक सुवर्ण असा विनिमयदरही दिला आहे.

८/
म्हणजे लेख आहे, व्याजाचा दर आहे, राजाज्ञा आहे, गावाचे नाव आहे. समजा, उद्या कार्ले-भाजे-बेडसे परिसरातील एखाद्या शेताच्या बांधाखाली नहपानाचे एक नाणे मिळाले. ते कोठे मिळाले, किती खोल, सोबत खापरे होती की विटा, एकटे होते की पुरचुंडीत, ठसा एकदा मारलेला की दोनदा, या पाच गोष्टींची नोंद झाली तर मावळातील बाजाराचा, वस्तीचा किंवा वाटेचा ठाव लागू शकतो. या पाच गोष्टी गेल्या की हातात उरते ती दोन ग्रॅम चांदी. तशी चांदी कोणत्याही पेढीवर मिळते.

९/
यंत्राला यातले काहीच कळत नाही. डिटेक्टरच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूत प्रवाह उठतात, त्यांचा प्रतिसाद आवाजात बदलतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच उमगते. त्यात मावळाची माती म्हणजे काळ्या बेसाल्टची झीज. तिच्यात लोहखनिज भरपूर, त्यामुळे यंत्र उगाचच वाजत राहते. पर्यटकांनी टाकलेली बाटल्यांची बुचे, घोड्यांच्या नालांचे खिळे, शीतपेयाच्या डब्यांचे कान या सगळ्यांसाठीही तेच खणणे होते. एका नाण्यासाठी किती खड्डे पडले, हे चित्रफितीत कधीच दाखवले जात नाही.

१०/
आणि खड्डा म्हणजे केवळ भोक नव्हे. जमिनीत काळ थरांनी साचतो. खालच्या थरात जुने, वरच्यात नवे. घराच्या जमिनीवर पडलेले नाणे त्या जमिनीचा काळ सांगते, तिच्यावरची राख शेवट सांगते. पुरातत्त्वज्ञ हे थर ब्रशने, मोजपट्टीने, आडव्या-उभ्या आराखड्याने उलगडतो. कुदळीचा एक घाव तीन शतके एकत्र कालवतो. पुस्तकातील एका चित्रासाठी मधली वीस पाने फाडणाऱ्याला वाचनालय सभासदत्व देत नाही. डिटेक्टरवाल्याला मात्र समाजमाध्यमांवर ‘इतिहास अभ्यासक’ ही पदवी मिळते.

११/
या मंडळींचा पहिला युक्तिवाद असा: ‘आम्ही काढले नाही तर नाणे जमिनीत गंजून जाईल.’ ऐकायला तो करुण वाटतो, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. चांदी जमिनीत शतकानुशतके टिकते. मातीतील क्षारांमुळे तिच्यावर क्लोराइडचा, गंधकामुळे सल्फाइडचा थर चढतो. मिश्रधातूतील तांबे हिरवे होऊन बाहेर येते. त्यानंतर नाणे आणि माती यांच्यात एक प्रकारचा समतोल साधला जातो. मोठा धोका येतो तो बाहेर काढण्याच्या क्षणी, जेव्हा हवा, घाम, घर्षण आणि घरगुती ‘पॉलिश’ एकदम त्याच्यावर तुटून पडतात.

१२/
चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, खाण्याचा सोडा. घरातील चांदीची भांडी उजळण्याचे हे उपाय प्राचीन नाण्यावर केले की त्याच्या पृष्ठभागासह ठशाचे बारकावे निघून जातात. पुनर्मुद्रेखाली उरलेले पहिल्या राजाचे नाक, अर्धे अक्षर, साच्यातील तडा हे सारे त्या थरात असते. गंजात कधी कापडाच्या विणीची छाप राहते आणि नाणी थैलीत बांधून पुरली होती हे तीच सांगते. जुन्या चांदीतून तांबे झिरपून गेल्यामुळे ती ठिसूळही झालेली असते. चोळताना कडा तुटते. ‘आधी आणि नंतर’ अशी चमकदार छायाचित्रे टाकणारा, आपण काय पुसले याची जाहिरात करत असतो.

१३/
दुसरा युक्तिवाद उघड बोलला जात नाही, पण मनात असतो: गुप्तधन. सुरतेची लूट लोहगडावर ठेवली होती असे सांगितले जाते. नाना फडणविसांनी आपला खजिना लोहगडी हलवला होता, हेही प्रसिद्ध आहे. पण खजिना ठेवणे आणि पुरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गडावरचे द्रव्य मोजले जाई, त्याच्यावर पहारा असे, कारकून त्याची नोंद ठेवत, गरज पडताच ते हलवले जाई. नाना १८०० साली वारले. मार्च १८१८ मध्ये विसापूर आणि लोहगड इंग्रज फौजेच्या हाती गेले. मधल्या १८ वर्षांत उत्तर पेशवाईच्या धामधुमीत एवढे द्रव्य कोणी खणून काढायचे विसरून गेले असेल, ही कल्पना भाबडी आहे.

१४/
या भाबडेपणाचे सामुदायिक रूप २०२५ च्या मार्चमध्ये देशाने पाहिले. ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर, महाराष्ट्राच्या सीमेलगत, बऱ्हाणपूर जिल्ह्यातील असिरगडाजवळच्या शेतांत मुघलांच्या सोन्याच्या नाण्यांच्या अफवेने लोकांची झुंबड उडाली. रात्री विजेऱ्या, चाळण्या आणि काहींच्या हाती मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणली गेली. कोणाच्या पदरात काय पडले ते बाजूला ठेवू. त्या शेतांतून पुढे एखादा अभ्यासक गेला तर त्याला एकही थर जागेवर मिळणार नाही, एवढे निश्चित. शेतकऱ्याच्या पिकाचे नुकसान झाले ते वेगळेच.

१५/
तिसरा आणि सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवाद: ‘इंग्लंडमध्ये डिटेक्टरवाल्यांनीच मोठमोठे शोध लावले.’ हे खरे आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. २०१५ या एकाच वर्षी तेथे दोन साठे सापडले. दोन्ही नवव्या शतकातील व्हायकिंगांच्या काळचे, दोन्हींत आल्फ्रेड आणि चेओलवुल्फ या दोन राजांची नाणी. एक ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टन येथे, दुसरा हेरफर्डशायरमध्ये लेमिन्स्टरजवळ. दोन्ही डिटेक्टरनेच सापडले. पुढे मात्र दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

१६/
वॉटलिंग्टनला शोधकाने नाणी दिसताच हात थांबवले आणि स्थानिक नोंद अधिकाऱ्याला कळवले. सगळा साठा मातीच्या ढेकळासकट, बांधून, एकसंध उचलला गेला. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याचे क्ष-किरण चित्र घेऊन तो एकेक करून उलगडण्यात आला. सुमारे २०० नाणी, शिवाय चांदीच्या कांबी आणि दागिने. पुढे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने तो १३.५ लाख पौंडांना विकत घेतला. शोधकाचे नाव झाले, मोबदला मिळाला आणि साठा लोकांना पाहायला मिळाला.

१७/
लेमिन्स्टरजवळच्या दोघांनी पूर्ण साठ्याची रीतसर माहिती दिली नाही. नाणी गुपचूप विकायला काढली. साठ्यात सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे. खटल्यापर्यंत हाती लागली ती ३० च्या आसपास. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना १० आणि साडेआठ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. अपिलात त्या कमी झाल्या, पण बहुतेक नाणी परत आली नाहीत. आल्फ्रेडच्या बाजूच्या इतिवृत्ताने चेओलवुल्फला डेन लोकांच्या हातचे बाहुले ठरवले होते. नाण्यांवर मात्र दोन राजांची संयुक्त मुद्रा दिसते. दरबारी इतिहासाला जाब विचारणारा हा पुरावा होता. त्याचा फार मोठा भाग दोन माणसांच्या लोभाने गिळला.

१८/
म्हणजे इंग्लंडचे उदाहरण डिटेक्टरच्या बाजूने बोलत नाही. ते नोंदीच्या बाजूने बोलते. तेथे १९९६ चा कायदा आहे, १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी यंत्रणा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी नेमलेले अधिकारी आहेत. त्या व्यवस्थेशिवाय नुसते यंत्र आणले की मागे उरते फक्त लेमिन्स्टर. जे ‘तिकडे चालते’ म्हणतात, त्यांनी तिकडचे सगळेच आणावे. हातात मावेल तेवढेच नको.

१९/
भारतातील कायदा काय सांगतो? १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्याला देणे शोधकावर बंधनकारक आहे. सूचनेत वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लिहावी लागते. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते, किंवा मागताच हजर करण्याचा जामीन द्यावा लागतो. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय स्वतःचा हिस्साही जातो. १८७८ मधले दहा रुपये म्हणजे चांदीचे दहा बंदे रुपये. आज दोन ग्रॅम चांदीही त्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. ‘एकच तर नाणे होते’ ही सबब म्हणूनच टिकत नाही.

२०/
कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आणि लोहगड, विसापूर हे किल्ले केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्याने तेथे परवानगीविना खणणे हा गुन्हा आहे; २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. असंरक्षित जागेतही पुरातत्त्वीय उत्खननास परवानगी द्यायची तर राज्य सरकारला केंद्राची पूर्वसंमती लागते. लोहगड तर जुलै २०२५ पासून ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. जेथे सरकारलाही विचारून खणावे लागते, तेथे ऑनलाइन मागवलेले यंत्र हा परवाना ठरत नाही.

२१/
इथवर दोष हौशी मंडळींचा. आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. तोच १८७८ चा कायदा म्हणतो की सरकारला साठा ठेवून घ्यायचा असेल, तर हक्कदारांना मूळ धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा. धातूची किंमत! दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुनर्मुद्रित नाण्याला भंगार चांदीचा भाव आणि वर वीस टक्के. बाजारात त्याच नाण्याला कितीतरी पटीने अधिक मिळते. प्रामाणिक माणसाला तोट्यात घालणारा आणि चोरट्याला नफा देणारा हा हिशेब ब्रिटिश सरकारने मांडला आणि स्वतंत्र भारताने तो तसाच चालू ठेवला.

२२/
त्याचे फळ मावळाच्या शेजारीच दिसले. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे बांधकामाच्या खोदाईत अठराव्या शतकातील २१६ सोन्याची नाणी आणि एक भांडे मिळाले. ज्यांना ते मिळाले त्या मजुरांनी कोणाला कळवले नाही. डिसेंबर २०२० मध्ये पोलिसांना सुगावा लागला, तेव्हा सव्वादोन किलोहून अधिक वजनाचा हा ऐवज जप्त होऊन पुरातत्त्व विभागाकडे गेला. नाणी वाचली. पण ती जमिनीत कशी होती, भांड्यात कोणत्या क्रमाने होती, भोवती घराचा पाया होता की वाड्याचे अंगण, हे खोदाईच्या क्षणीच कोणी पाहायला हवे होते.

२३/
त्या मजुरांना दूषण देणे सोपे आहे. रोजंदारीच्या माणसाने सापडलेले सोने घेऊन सरकारी कचेरीत जावे, तेथे आधी संशयाने चौकशी व्हावी, मग काही महिने प्रतीक्षा करावी, हाती पावतीही मिळेल की नाही याची खात्री नसावी. अशी व्यवस्था प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करते? आणि खरे तर मावळात डिटेक्टरपेक्षा जेसीबी अधिक खणतो. लोणावळा, कामशेत, पवनानगरच्या परिसरात फार्महाउस, प्लॉटिंग, सपाटीकरण यांसाठी टेकड्यांचे उतार कापले जातात. त्या मातीत काय होते हे कोणी विचारत नाही. यंत्रवाल्या हौशी माणसाला खलनायक ठरवून बिल्डरकडे पाठ फिरवणे हा ढोंगीपणा झाला.

२४/
म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक जिल्ह्यात सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारा प्रशिक्षित अधिकारी असावा. वस्तू जमा करणाऱ्याला तिथल्या तिथे छायाचित्रासह लेखी पावती मिळावी. मोबदला धातूच्या वजनावर न ठरता तज्ज्ञांच्या मूल्यांकनावर ठरावा. संग्रहालयातील फलकावर शोधकाचे आणि गावाचे नाव यावे, अर्थात त्याची संमती असेल तर. लेणी, किल्ले आणि जुन्या गावठाणांजवळ मोठी खोदाई करताना पुरातत्त्वीय देखरेख बंधनकारक असावी. यातली एकही गोष्ट अशक्य नाही. नाणकशास्त्राचे जाणकार पुण्यात आहेत, नाशिकजवळ अंजनेरीला या विषयाची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. उणीव आहे ती दोघांना जोडणाऱ्या दुव्याची.

२५/
तोवर शेत नांगरताना, विहीर खणताना, पावसाने खचलेल्या दरडीत एखादे नाणे दिसलेच तर काय करावे? पुढे खणू नये. जागेवरच छायाचित्र घ्यावे, शेजारी मापासाठी चालू नाणे ठेवावे. मोबाइलच्या नकाशावर खूण करावी, खोली आणि तारीख लिहावी. आसपासची खापरे हलवू नयेत. नाणी अनेक असतील तर ती वेगळी करू नयेत. चिकटलेली असतील तशीच राहू द्यावीत. नाणे धुऊ नये, घासू नये, तेल लावू नये. मऊ कोऱ्या कागदात कडेने धरून ठेवावे. रबरबँड आणि लोकर टाळावी, कारण त्यांतील गंधकाने चांदी काळवंडते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटेही नकोत. शेताचा मालक, तहसील कार्यालय आणि जिल्हाधिकारी यांना लेखी कळवावे, स्वतःकडे प्रत ठेवावी.

२६/
ओळख पटवण्याची घाईही नको. पेशवाईतील अंकुशी रुपया घ्या. त्याच्यावर नाव मुघल बादशहाचे, भाषा फारसी. मराठ्यांची खूण म्हणजे फक्त एक लहानसा अंकुश. तो नीट पाहिला नाही, किंवा घासताना पुसला, की पुण्याचा रुपया ‘मुघल नाणे’ म्हणून खपवला जातो. अठराव्या शतकातील मराठी सत्तेचे आणि दिल्लीच्या तख्ताचे गुंतागुंतीचे नाते त्या एका अंकुशात आहे. ‘शिवकालीन दुर्मिळ नाणे’ अशा मथळ्याखाली काय काय विकले जाते, हे पाहिलेल्यांना या घाईची किंमत वेगळी सांगावी लागू नये.

२७/
गडसंवर्धन करणाऱ्या तरुण मंडळांवर येथे विशेष जबाबदारी येते. टाक्यातला गाळ काढताना, ढासळलेल्या बुरुजाचे दगड रचताना त्यांच्या हाती खापरे, शिवराई, लोखंडी गोळे येतात. श्रमदान निष्ठेचे असते, यात शंका नाही. पण गाळाची नोंद न ठेवता तो दरीत लोटणे आणि सापडलेली शिवराई पाहुण्यांना आठवण म्हणून देणे, याचा परिणाम डिटेक्टरवाल्याच्या खड्ड्याहून फारसा वेगळा नसतो. मोहिमेत एक वही, एक मोजपट्टी आणि पुरातत्त्व विभागाची परवानगी एवढे जरी असले तरी चित्र पालटते. आणि एखादा सदस्य उत्साहाने यंत्र घेऊन आलाच, तर ते गाडीत ठेवायला सांगण्याचे धैर्य मंडळाने दाखवावे.

२८/
कार्ल्याच्या लेखातील राजाज्ञा मामालच्या अमात्याकडे गेली होती. दान दिलेल्या गावाची व्यवस्था त्याने पाहावी, अशी राजाची अपेक्षा होती. आज मावळचा कारभार वडगावच्या तहसील कार्यालयातून चालतो आणि निखात निधीची सूचना पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. नहपानाचे पुढचे नाणे मावळात कोणत्या बांधावर निघेल, सांगता येत नाही. ते निघेल तेव्हा त्याची बातमी आधी चित्रफितीत जाणार की त्या कार्यालयात, हे ठरवणे मात्र मावळातल्या माणसांच्या आणि हे वाचणाऱ्यांच्या हाती आहे. थ्रेड समाप्त. डिटेक्टर घेऊन गडावर निघालेल्या मित्राला तो अवश्य पाठवावा.